मज्जासंस्थेवर उलटलेली प्रतिकारशक्ती : विषाणू, जीवनसत्त्वे आणि वय

शरीराची प्रतिकारयंत्रणा बाहेरून आलेल्या जंतूंऐवजी शरीराच्याच एखाद्या भागावर चालून जाते, तेव्हा उद्भवणाऱ्या विकारांना स्वयंप्रतिकार विकार किंवा रोजच्या वापरातल्या शब्दाने ऑटोइम्यून आजार म्हटले जाते. आणि हा हल्ला मेंदू, मेरुरज्जू, डोळ्याची नस किंवा हातापायांकडे जाणारे मज्जातंतू यांवर झाला, तर त्यातून मल्टिपल स्क्लेरोसिस, गियाँ-बारे सिंड्रोम, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, ऑटोइम्यून एन्सेफलायटिस अशी निदाने पुढे येतात. यांतील काही आजार तीस-चाळीस वर्षे माणसाची सोबत सोडत नाहीत, तर काही दोन-चार आठवड्यांत धडधाकट माणसाला कृत्रिम श्वसनयंत्रापर्यंत नेतात आणि बहुतेकदा परतही आणतात. निदान कळल्यावर घरातल्या प्रत्येकाच्या मनात येणारा पहिला प्रश्न मात्र सगळीकडे एकच असतो, तो म्हणजे हे कशामुळे झाले. त्याचे उत्तर म्हणून कधी विषाणूकडे बोट दाखवले जाते, कधी ड जीवनसत्त्वाच्या तपासणीतला कमी आकडा पुढे केला जातो, तर कधी ‘इम्युनिटी कमी पडली’ असे सांगून विषय मिटवला जातो. ही तिन्ही उत्तरे अपुरी आहेत आणि तिसरे तर बरेचसे चुकीचेच आहे. गेल्या शतकभराच्या संशोधनातून जे चित्र उभे राहते त्यात कोणता घटक दोषी यापेक्षा तो घटक आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर, कोणाच्या आधी वा नंतर आणि कोणत्या आनुवंशिक घडणीच्या माणसाला गाठतो, याला अधिक महत्त्व आहे. या विषयाकडे पाहण्याची हीच दृष्टी येथे स्वीकारली आहे.

आधी ज्यावर हल्ला होतो त्या ऊतीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मज्जापेशीतून निघणाऱ्या लांब तंतूभोवती मायलिन नावाचे मेदयुक्त आवरण अनेक वेढ्यांनी गुंडाळलेले असते आणि विजेच्या तारेवरील रबरी वेष्टणाप्रमाणे ते संदेशाची गळती थांबवते. शिवाय आवरणाच्या दोन तुकड्यांमध्ये ठरावीक अंतरावर उघडी जागा असल्यामुळे संदेश एका उघड्या जागेवरून दुसरीवर उडी घेत कितीतरी वेगाने पुढे जातो. मेंदू आणि मेरुरज्जू यांतील मायलिन एका प्रकारच्या पेशी तयार करतात आणि हातापायांच्या मज्जातंतूंवरील मायलिन दुसऱ्या, ज्यांना श्वान पेशी म्हणतात. उत्पादक वेगळे असल्यामुळे दोन्हींतील प्रथिनेही काही अंशी वेगळी असतात, आणि म्हणूनच मल्टिपल स्क्लेरोसिस मेंदू-मेरुरज्जूपुरता राहतो, तर गियाँ-बारे सिंड्रोम हातापायांच्या नसांना धरतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचे व्यवस्थित वर्णन केले, तेव्हा शवविच्छेदनात त्यांना मेंदूत ठिकठिकाणी कडक झालेले करडे चट्टे दिसले होते आणि त्या चट्ट्यांत मायलिन नाहीसे झालेले होते. ते कोण नाहीसे करते, हे समजायला मात्र पुढची साठ-सत्तर वर्षे जावी लागली, आणि तो धागा हाती लागला तो श्वानदंशावरील लसीमुळे.

लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये रेबीजवर दिलेली पहिली लस रेबीजग्रस्त सशाच्या वाळवलेल्या मेरुरज्जूपासून तयार केलेली होती. पुढे १९११ मध्ये कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत डेव्हिड सेम्पल यांनी विषाणूयुक्त मेंदूचा लगदा फिनॉलने निष्प्रभ करून केलेली लस प्रचारात आणली, आणि मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ही स्वस्त लस भारतात जवळजवळ शतकभर चालली. कुत्रा चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, ही आज पन्नाशी ओलांडलेल्या मराठी वाचकाच्या पक्की लक्षात असलेली धास्ती याच लसीची. तिने असंख्य जीव वाचवले. परंतु ती घेणाऱ्यांपैकी काहींना दोन-तीन आठवड्यांनी पाय लुळे पडणे, लघवी अडकणे, गुंगी येणे असा त्रास होई, आणि तो रेबीजचा नसे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील टॉमस रिव्हर्स यांनी या कोड्याचा माग घेण्यासाठी १९३३ मध्ये माकडांना सशाच्या पूर्णतः निरोगी मेंदूच्या अर्काची इंजेक्शने पुन्हा पुन्हा दिली. त्या अर्कात विषाणू मुळीच नव्हता, तरीही काही माकडांना पक्षाघात झाला आणि त्यांच्या मेंदूत मायलिन नष्ट झालेले आढळले. म्हणजे परक्या प्राण्याच्या मेंदूविरुद्ध जागृत झालेली प्रतिकारयंत्रणा स्वतःच्या मेंदूलाही ओळखीचा शत्रू मानू लागली होती. थायलंडमध्ये सेम्पल लसीनंतर अशा त्रासाला सामोरे गेलेल्या रुग्णांच्या रक्तात मायलिनमधील एका मूलभूत प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, असल्याचे १९८७ मध्ये दाखवले गेले, तेव्हा माकडांवरील निष्कर्ष माणसालाही लागू असल्याची खातरजमा झाली. भारतात या लसीचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले आणि तिची जागा पेशीसंवर्धनावर तयार होणाऱ्या, मेंदूच्या ऊतीचा अंशही नसलेल्या लसींनी घेतली. आजच्या श्वानदंशाच्या लसीला कोणी त्या जुन्या भीतीपोटी नकार देत असेल, तर त्याने हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

रिव्हर्स यांच्या प्रयोगाने एक प्रश्न सुटला आणि दुसरा उभा राहिला, तो असा की प्रतिकारयंत्रणेत स्वतःवर उलटण्याची क्षमता मुळातच असेल, तर बहुसंख्य माणसे आयुष्यभर सुखरूप कशी राहतात? टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी छातीतील थायमस ग्रंथीत तयार होताना त्यांची जणू परीक्षा घेतली जाते आणि शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांना जोरकसपणे चिकटणाऱ्या पेशी तेथेच मारल्या जातात. ही चाळणी पक्की नसते; काही स्वघातकी पेशी प्रत्येकाच्या रक्तात फिरत असतात, निरोगी माणसाच्याही. त्यांना आवर घालण्याचे काम नियामक टी-पेशी करतात, ज्यांची ओळख जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये पटवून दिली आणि ज्यांच्या संशोधनासाठी साकागुची, मेरी ब्रुंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चा वैद्यकाचा नोबेल पुरस्कार मिळाला. ऑटोइम्यून आजारात सैन्य कमी पडलेले नसते, त्याच्यावरचा अंकुश सुटलेला असतो. करोनाकाळापासून घराघरांत शिरलेल्या ‘इम्युनिटी बूस्टर’ काढ्या-चूर्णांच्या जाहिरातींना या रुग्णांनी बळी पडू नये ते याचसाठी. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच भलतीकडे खर्च होत आहे त्याला ती वाढवून काय साधणार? उलट बाजूही तितकीच खरी आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसवर नटालिझुमॅब हे औषध पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरूच देत नाही आणि त्यामुळे आजाराचे झटके झपाट्याने कमी होतात. पण पहारा उठल्यामुळे जेसी नावाचा, बहुतेकांच्या शरीरात निपचित पडलेला विषाणू काही रुग्णांच्या मेंदूत माजला, आणि २००५ मध्ये ते औषध बाजारातून काढून घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी ते कडक देखरेखीच्या अटींवर परत आले.

संसर्गामुळे हा अंकुश कसा सुटतो, याचा सर्वांत स्वच्छ नमुना विषाणूचा नसून जिवाणूचा आहे आणि तो महाराष्ट्राने अगदी अलीकडे अनुभवला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात पायांतील ताकद जाऊन ती कमजोरी वर चढत जाण्याची तक्रार घेऊन रुग्ण येऊ लागले, आणि गियाँ-बारे सिंड्रोमची ‘जीबीएस’ ही तीन अक्षरे काही दिवसांत घरोघर पोचली. अनेकांना आधी जुलाब झाले होते. शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि काहींत नोरोव्हायरस सापडला, आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. हा जिवाणू आणि नसांचा आजार यांतील दुवा जपानचे नोबुहिरो युकी यांनी १९९३ मध्ये स्पष्ट केला होता. कॅम्पायलोबॅक्टरच्या काही वाणांच्या बाह्यकवचावर साखरेची जी साखळी असते, ती माणसाच्या मज्जातंतूवरील जीएम-१ या गँग्लिओसाइडशी, म्हणजे साखरयुक्त मेदरेणूशी, तंतोतंत जुळते. जिवाणूला मारण्यासाठी तयार झालेली प्रतिपिंडे मग नसेलाही चिकटतात. या प्रकाराला रेणूंची नक्कल किंवा रेणुसाधर्म्य म्हणतात. जुलाब पंधरवड्यात विसरले जातात, जिवाणू निघून गेलेला असतो आणि नेमके तेव्हा पाय लटपटू लागतात. त्यामुळे रुग्णाला दोन घटनांचा संबंध सुचतही नाही. तरी हा संसर्ग झालेल्या सुमारे हजारातून एकालाच गियाँ-बारे सिंड्रोम होतो. फ्रेंच पॉलिनेशियात २०१३-१४ मध्ये झिका विषाणूच्या साथीपाठोपाठ या आजाराचे ४२ रुग्ण आढळले, तेव्हा विषाणूही असाच परिणाम घडवू शकतो हे दिसले. अमेरिकेत १९७६ मध्ये स्वाइन फ्लूच्या लसीनंतरही हा आजार थोडा वाढला. वाढ लस घेतलेल्या लाखामागे जेमतेम एका रुग्णाची होती, पण तेवढ्यावर ती मोहीम गुंडाळली गेली.

नक्कल हा एकच मार्ग नाही. हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूमुळे होणारा मेंदूज्वर औषधाने आटोक्यात आल्यानंतर काही आठवड्यांनी रुग्ण पुन्हा विचित्र वागू लागतो, लहान मुलाचे हातपाय अनैच्छिकपणे हलू लागतात, आणि पूर्वी विषाणूचाच आजार उलटला असे समजून पुन्हा विषाणुविरोधी औषध दिले जाई. आता कळते की सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत हा दुसरा टप्पा ऑटोइम्यून असतो: विषाणूने मेंदूच्या पेशी फोडल्यामुळे एरवी आत झाकलेली प्रथिने उघडी पडतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. यांतील प्रमुख प्रतिपिंड एनएमडीए नावाच्या ग्राहक प्रथिनाला लक्ष्य करते. त्यामुळे होणारा मेंदूचा दाह होसेप दाल्माऊ यांनी २००७ मध्ये वर्णन केला आणि मनोविकार समजून रुग्णालयात ठेवलेल्या कित्येक तरुण मुलींचे निदान त्यामुळे बदलले.

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या बाबतीत विषाणूचा शोध अधिक लांबला, कारण येथे गुन्हेगार प्रसंग घडून अनेक वर्षे लोटल्यावर शोधायचा होता. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर १९४० मध्ये ब्रिटिश सैन्य उतरले आणि १९४३ पासून तेथील मूळ रहिवाशांत हा आजार दिसू लागला; तत्पूर्वी तो तेथे नव्हता, असे जॉन कर्ट्झके यांनी मांडले. सैनिकांनी काही संसर्ग आणला असावा हा त्यांचा तर्क गाजला आणि त्यावर वादही भरपूर झाला. संशय गोवर, कांजिण्या, नागीण अशा अनेकांवरून फिरत अखेर एपस्टाइन-बार विषाणूवर स्थिरावला. युगांडातील मुलांच्या जबड्याच्या गाठींतून १९६४ मध्ये लंडनमध्ये अँथनी एपस्टाइन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांना सापडलेला हा विषाणू लाळेतून पसरतो, एकदा शिरला की प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींत जन्मभर मुक्काम ठोकतो आणि जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो. ही सर्वव्यापकता हीच संशोधकांची अडचण होती. ज्याच्या अंगात विषाणू नाही असा माणूसच भेटत नसेल, तर तुलना करायची कोणाशी?

अमेरिकी सैन्याच्या रक्तसाठ्याने ही अडचण दूर केली. तेथे भरती झालेल्या प्रत्येकाचे रक्त ठरावीक काळाने तपासले जाते आणि उरलेला द्रव गोठवून ठेवला जातो. हार्वर्डमधील अल्बर्टो अशेरियो, केटिल ब्योर्नेविक आणि सहकाऱ्यांनी एक कोटीहून अधिक सैनिकांच्या वीस वर्षांच्या नोंदींतून सेवेत असताना मल्टिपल स्क्लेरोसिस झालेले ९५५ जण हुडकले. त्यांपैकी ८०१ जणांचे पुरेसे नमुने उपलब्ध होते. पहिल्या नमुन्याच्या वेळी यांतील ३५ जण एपस्टाइन-बारपासून मुक्त होते, आणि आजार सुरू होण्यापूर्वी त्यांतल्या ३४ जणांना तो संसर्ग झालेला होता. जानेवारी २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार संसर्गानंतर आजाराची जोखीम ३२ पटींनी वाढली, तर असाच लाळेतून पसरणाऱ्या सायटोमेगॅलोव्हायरसमुळे ती वाढली नाही. मज्जातंतू झिजू लागले की रक्तात मिसळणारे एक तंतुप्रथिनही एपस्टाइन-बारच्या संसर्गानंतरच वाढू लागले होते, आधी नाही. शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण आजाराची सुरुवात छुपेपणाने आधीच झाली असेल आणि त्यामुळे विषाणूला वाव मिळाला असेल, ही शंका त्याने बरीचशी दूर होते. त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या लॉरेन्स स्टाइनमन आणि विल्यम रॉबिन्सन यांच्या गटाने विषाणूच्या ईबीएनए-१ या प्रथिनाचा एक तुकडा मेंदूतील ग्लायलकॅम या प्रथिनासारखा असल्याचे आणि काही रुग्णांतील प्रतिपिंडे दोघांनाही चिकटत असल्याचे दाखवले; म्हणजे पुण्याच्या जुलाबांतील नक्कल येथेही, निदान काही रुग्णांत, उपस्थित आहे. बी-पेशी काढून टाकणारे ओक्रेलिझुमॅब हे औषध २०१७ पासून वापरात आले आणि त्याचा गुण फार लवकर, रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण फारसे उतरण्याआधीच येतो, यावरून विषाणूचे घर असलेल्या त्या पेशीच गोंधळाच्या मुळाशी असाव्यात असे मानायला जागा आहे.

मग नव्वद टक्के लोकांपैकी बाकीचे वाचतात कसे, हा प्रश्न उरतोच. एक उत्तर जनुकांत आहे. पेशीच्या पृष्ठभागावर जंतूंचे तुकडे मांडून दाखवणाऱ्या एचएलए प्रथिनांचा डीआर-१५ हा प्रकार ज्यांच्याकडे असतो त्यांची जोखीम सुमारे तिप्पट असते, आणि हा वारसा युरोपात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातून आलेल्या पशुपालकांनी नेला, असे प्राचीन डीएनएच्या २०२४ मधील अभ्यासातून दिसले. मुंबईतील पारशी समाजातही १९८० च्या दशकात डॉ. नोशीर वाडिया, डॉ. नादिर भरुचा यांच्यासारख्या मज्जाविकारतज्ज्ञांना हा आजार आसपासच्या इतर समाजांपेक्षा ठळकपणे अधिक आढळला. एकच शहर, एकच हवा-पाणी आणि तरीही प्रमाण वेगळे. दुसरे उत्तर वयात आहे. लहानपणी एपस्टाइन-बारचा संसर्ग झाला तर बहुधा साधा सर्दी-ताप येऊन जातो किंवा तेवढाही नाही. पौगंडावस्थेत किंवा नंतर झाला तर घसा सुजून, मानेतील गाठी वाढून, आठवडेच्या आठवडे गळून जायला लावणारा ग्रंथीज्वर होतो, आणि असा ज्वर झालेल्यांना पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस होण्याची शक्यता सुमारे दुप्पट असते. दक्षिण आफ्रिकेत युरोपातून स्थायिक झालेल्यांच्या जेफ्री डीन यांनी केलेल्या अभ्यासात पौगंडावस्थेपूर्वी स्थलांतर केलेल्यांना नव्या देशाची कमी जोखीम लाभली आणि त्यानंतर आलेले मायदेशाची जास्त जोखीम घेऊनच राहिले, हेही याच दिशेने बोलते. पंधराव्या वर्षाच्या आसपास काहीतरी ठरून जाते.

ड जीवनसत्त्वाची कथा भूगोलातून सुरू होते. विषुववृत्तापासून उत्तरेस किंवा दक्षिणेस जावे तसे मल्टिपल स्क्लेरोसिस वाढत जाते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर ते लाखामागे सुमारे चारशे आहे, तर मंगळूर शहरात झालेल्या पाहणीत लाखामागे आठच्या आसपास आढळले. अतिनील किरणांपैकी बी पट्ट्यातील किरण त्वचेतील कोलेस्टेरॉलसदृश द्रव्याचे रूपांतर ड जीवनसत्त्वात करतात, मग यकृत आणि मूत्रपिंड त्यावर एकेक संस्कार करून त्याला संप्रेरकाच्या ताकदीचे बनवतात. आणि हे शेवटचे काम प्रतिकारपेशी स्वतःपुरते स्वतःही करू शकतात. टी-पेशींवर त्याचे ग्राहक आहेत, ते नियामक पेशींना बळ देते आणि दाहकारक पेशींना आवर घालते. डीआर-१५ जनुकाच्या चालू-बंदच्या भागातच ड जीवनसत्त्वाला चिकटायची जागा असल्याचे २००९ मध्ये दिसले, तेव्हा जनुक आणि सूर्यप्रकाश एकाच दारातून आत येतात की काय, अशी उत्सुकता वाढली.

पुराव्याची प्रत मात्र एकसारखी नाही. त्याच सैनिकी रक्तसाठ्यावर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यात २५७ रुग्ण होते, गोऱ्या सैनिकांपैकी ज्यांचे ड जीवनसत्त्व सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यात होते त्यांची जोखीम सर्वांत खालच्या हिश्श्यातील सैनिकांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी आढळली. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक सैनिकांत असा संबंध दिसला नाही. येथे रक्त आजारापूर्वी घेतलेले होते, हे महत्त्वाचे. निदानानंतर घेतलेल्या रक्तातील कमी आकडा फारसे काही सिद्ध करत नाही, कारण या रुग्णांना उष्णतेने त्रास वाढतो, चालणे अवघड झालेले असते, ते उन्हात जातच नाहीत आणि मग जीवनसत्त्व आपोआप घटते. ही अडचण टाळण्यासाठी जन्मजात जनुकांमुळेच ज्यांचे ड जीवनसत्त्व आयुष्यभर कमी असते अशांचा अभ्यास २०१५ मध्ये झाला आणि त्यांच्यात आजार अधिक असल्याचे आढळले. कमतरता कारणसाखळीत कुठेतरी आहे, असे मानायला हा सर्वांत भक्कम आधार. उपचार म्हणून तेच जीवनसत्त्व देण्याचे निकाल मात्र आपसांत जुळत नाहीत. नेहमीच्या औषधाच्या जोडीला मोठी मात्रा देणाऱ्या २०२३ मधील अमेरिकी चाचणीत झटके कमी झाले नाहीत आणि पहिल्या झटक्यानंतर ते देणाऱ्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या चाचणीतही फायदा दिसला नाही; तर फ्रान्समध्ये पहिल्या झटक्यानंतर दर पंधरवड्याला एक लाख युनिट घेणाऱ्यांत दोन वर्षांत आजाराची सक्रियता ६० टक्के रुग्णांत आणि न घेणाऱ्यांत ७४ टक्के रुग्णांत दिसल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. पंचवीस हजारांवर अमेरिकी प्रौढांपैकी निम्म्यांना पाच वर्षे रोज दोन हजार युनिट देणाऱ्या ‘व्हायटल’ चाचणीत सर्व ऑटोइम्यून आजार मिळून २२ टक्क्यांनी कमी झाले, पण त्यांत सांधे आणि त्वचेचे आजार मुख्य होते, मज्जासंस्थेचे नव्हेत.

या सगळ्यात भारताचे उदाहरण अडचणीचे, म्हणून अधिक विचार करायला लावणारे आहे. ऊन मुबलक असूनही गडद त्वचा, अंगभर कपडे, शहरी घरांतली सावली, धुरकट हवा आणि आहारातील तुटपुंजा पुरवठा यांमुळे भारतीयांत ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आहे. एपस्टाइन-बारचा संसर्ग तर जवळजवळ सार्वत्रिक आहे. दोन्ही ‘कारणे’ हजर असताना आजार मात्र उत्तर युरोपच्या तुलनेत कितीतरी कमी. केवळ बेरीज करून हे गणित सुटत नाही. भरल्या घरात, एकाच ताटात भरवल्या जाणाऱ्या लेकराला हा विषाणू दोन-तीन वर्षांचे असतानाच गाठतो आणि तेव्हाची प्रतिकारयंत्रणा त्याला फारशी दणदणीत प्रतिक्रिया देत नाही, हे वयाचे स्पष्टीकरण येथे सर्वांत अधिक पटते. जनुकांचा वाटा त्यात आहेच. असे असताना दर रविवारी दुधातून साठ हजार युनिटचे पाकीट घेण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्याकडून मज्जाविकार टळण्याची अपेक्षा ठेवणे घाईचे ठरेल. हाडांसाठी, तपासणी करून आणि ठरल्या आठवड्यांपुरती ती योग्यच आहे. डॉक्टरांनी आठ आठवड्यांसाठी लिहून दिलेली चिठ्ठी वर्षानुवर्षे औषधाच्या दुकानात फिरत राहिली, की रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे निकामी होतात, आणि असे रुग्ण भारतातील रुग्णालयांना अपरिचित नाहीत.

ब-१२ जीवनसत्त्वाचा मामला निराळा आहे आणि भारतात तो अनेकदा अधिक निकडीचा असतो. मायलिनच्या बांधणीलाच ते लागते, त्यामुळे त्याच्या अभावी प्रतिकारयंत्रणेचा काहीही दोष नसताना मेरुरज्जूतील आवरण विरते: तळपायांत मुंग्या येतात, डोळे मिटून उभे राहता येत नाही, अंधारात तोल जातो. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या केलेल्या अभ्यासात ६७ टक्क्यांत ब-१२ कमी आढळले होते. शाकाहार हे त्याचे प्रमुख कारण. काही वेळा मात्र जठराच्या पेशींविरुद्ध आणि ब-१२ शोषून घ्यायला मदत करणाऱ्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाल्यामुळे, म्हणजे ऑटोइम्यून मार्गानेच, ही कमतरता येते आणि मग कितीही दूध-अंडी खाल्ली तरी भरून निघत नाही. स्वस्त इंजेक्शनांनी बरा होणारा हा विकार मल्टिपल स्क्लेरोसिसच्या नावाखाली दुर्लक्षित राहू नये, म्हणून मुंग्या-बधिरपणाच्या प्रत्येक तक्रारीत ही तपासणी आधी हवी.

निदानाची अशीच दुसरी गल्लत न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाच्या बाबतीत होत आली. युजीन डेव्हिक यांनी १८९४ मध्ये ल्याँ येथे वर्णन केलेला, डोळ्याची नस आणि मेरुरज्जू यांना एकत्र धरणारा हा आजार आशियाई लोकांत तुलनेने अधिक आढळतो आणि शतकभर तो मल्टिपल स्क्लेरोसिसचाच एक प्रकार मानला गेला. पाण्याची ने-आण करणाऱ्या ॲक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड २००४ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये व्हँडा लेनन यांच्या गटाला सापडले आणि दोन्ही आजार वेगळे झाले. हा फरक केवळ पुस्तकी नाही, कारण मल्टिपल स्क्लेरोसिसवर दिल्या जाणाऱ्या इंटरफेरॉनने या रुग्णांचा आजार बळावू शकतो. म्हणून पाश्चात्त्य आकडेवारीवर बेतलेले विषाणू आणि जीवनसत्त्वांविषयीचे निष्कर्ष भारतीय रुग्णाला लावताना आधी त्याचा आजार नेमका कोणता, हे रक्ताच्या या तपासणीने ठरवणे भाग आहे.

एपस्टाइन-बारवर लस तयार करण्याचे प्रयत्न आता माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोचले आहेत आणि युरोप-अमेरिकेत त्यांच्याकडून मोठ्या आशा बाळगल्या जात आहेत. भारतात मात्र ही लस कोणाला आणि कधी द्यायची, याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. लसीने संसर्ग कायमचा टाळला तर उत्तमच. परंतु तिचा असर आठ-दहा वर्षांत ओसरला, तर ज्या मुलाला तिसऱ्या वर्षी नकळत झाला असता तो संसर्ग सोळाव्या वर्षी, अधिक धोक्याच्या वयात होईल. लहान कुटुंबे, वेगळ्या खोल्या, वेगळे पेले अशा राहणीमुळे सुखवस्तू शहरी घरांत हा संसर्ग लसीविनाही पुढे ढकलला जाऊ शकतो. त्यामुळे पुणे-मुंबईतील मुलांना हा विषाणू कोणत्या वयात गाठतो, ते वय पिढीगणिक सरकते आहे का आणि त्या वेळी त्यांचे ड जीवनसत्त्व किती असते, याच्या दीर्घकाळ सांभाळलेल्या नोंदी आणि गोठवून ठेवलेले नमुने ही येथील संशोधनाची पहिली गरज आहे. अमेरिकी सैन्याने तो साठा मल्टिपल स्क्लेरोसिससाठी उभारला नव्हता, तो केवळ टाकून दिला नाही म्हणून कामी आला.